जावास्क्रिप्ट : ऑब्जेक्टच्या पोटात नेमकं काय आहे, ते कसं तपासायचं?

वेबसाइटवर फॉर्म भरताना आपण नाव, गाव, पिनकोड, रक्कम असे रकाने भरतो. बटण दाबलं की ही माहिती अनेकदा जावास्क्रिप्ट या भाषेतल्या एका 'ऑब्जेक्ट'मध्ये गोळा होते आणि तिथून सर्व्हरकडे जाते. पुढे कुणाची रक्कम चुकली, कुणाचं नाव कोरं आलं, तर पहिली चौकशी याच ऑब्जेक्टची करावी लागते. अडचण अशी, की ऑब्जेक्टमधल्या प्रॉपर्टी तपासण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं येतं. एका यादीत जे दिसत नाही, ते दुसऱ्या यादीत हजर असतं. 'दिसलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं धरून चाललं की घोळ सुरू होतो. क्लासमध्ये ही भाषा शिकणारे विद्यार्थी आणि संस्थांची छोटी-मोठी वेबसाइट सांभाळणारे तरुण यांना कामाला येईल, अशी ही एकत्रित माहिती.

(या लेखात आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि वाचायला सोपं जावं म्हणून शब्दांमध्ये आडवी रेघ टाकली आहे. प्रत्यक्ष कोड लिहिताना ही नावं आणि अंक रोमन लिपीत येतात, रेघ नसते आणि 'टाइप-ऑफ'सारखे अपवाद वगळता सहसा पहिला सोडून पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो.)

ऑब्जेक्ट म्हणजे काय?

ऑब्जेक्ट म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्यांचा संच. खातेवहीत डावीकडे मथळा आणि उजवीकडे नोंद असते, तसंच. मथळ्याला 'की' म्हणतात, नोंदीला 'व्हॅल्यू' आणि दोन्ही मिळून झाली एक 'प्रॉपर्टी'. उदाहरणासाठी पतसंस्थेच्या एका काल्पनिक सभासदाचा ऑब्जेक्ट घेऊ:

- नाव : सुमन
- गाव : निपाणी
- शिल्लक : ०
- जामीनदार : नल (म्हणजे 'कुणी नाही' अशी मुद्दाम केलेली नोंद)

यातली किंमत दोन प्रकारे वाचता येते. 'सभासद' लिहून टिंब आणि पुढे 'गाव', हा एक प्रकार. दुसऱ्यात चौकोनी कंसात अवतरणचिन्हं देऊन नाव लिहायचं. प्रॉपर्टीच्या नावात मोकळी जागा असेल, किंवा नाव आयत्या वेळी ठरणार असेल, तर कंसाचाच मार्ग धरावा लागतो.

शून्य, कोरं आणि नसलेलं

सर्वांत जास्त चुका इथे होतात. वरच्या ऑब्जेक्टमध्ये 'शिल्लक' ही प्रॉपर्टी आहे आणि तिची किंमत शून्य आहे. 'फोन' ही प्रॉपर्टी मुळात नाहीच. नसलेली प्रॉपर्टी मागितली तर जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही, मुकाट्याने 'अनडिफाइन्ड' हे उत्तर देते. चूक उघडी पडते ती पुढच्या पायरीवर. अनडिफाइन्डच्याही आत काही वाचायला गेलं की मग 'टाइप-एरर' येतो आणि तिथून पुढचं काम थांबतं.

नवशिके सहसा 'जर सभासदाची शिल्लक असेल तर' अशी सरळ अट लिहितात. पण अशा अटीत शून्य, रिकामी अक्षरमाला, नल, अनडिफाइन्ड आणि 'नॅन' (अंक नसलेला अंक) या सगळ्यांना 'नाही' हेच उत्तर मिळतं. म्हणजे शून्य शिल्लक असलेला सभासद आणि खातंच नसलेला माणूस एकाच रांगेत उभे राहतात.

याहून महाग पडते ती दोन उभ्या रेघांची 'किंवा' खूण. 'शिल्लक किंवा ५००' असं लिहिलं आणि शिल्लक शून्य असली, तर उत्तर ५०० येतं. ज्याच्या खात्यात दमडी नाही, त्याच्या नावावर पाचशे रुपये दिसू लागतात. यावर उपाय म्हणून २०२० च्या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांची खूण आली. ती फक्त नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच पर्यायी किंमत घेते, शून्याला हात लावत नाही. त्याच वर्षी प्रश्नचिन्ह आणि टिंब ही जोडखूणही आली. मधली पायरी नसेल तर ती टाइप-एरर न देता अनडिफाइन्ड देऊन थांबते.

किंमतीचा प्रकार विचारायला 'टाइप-ऑफ' आहे, पण त्यातही एक जुनी खोच आहे. नलचा प्रकार विचारला तर ते 'ऑब्जेक्ट' असं सांगतं. भाषेच्या सुरुवातीपासूनची ही चूक आहे. ती दुरुस्त केली तर जुनी संकेतस्थळं मोडतील, म्हणून तशीच ठेवली आहे. अ‍ॅरेसाठीही टाइप-ऑफ 'ऑब्जेक्ट'च सांगतं, म्हणून तिथे 'अ‍ॅरे.इज-अ‍ॅरे' वापरावं.

स्वकष्टार्जित आणि वडिलोपार्जित

प्रॉपर्टी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, स्वतःची की वडिलोपार्जित? जावास्क्रिप्टमध्येही हाच प्रश्न आहे. प्रत्येक ऑब्जेक्टच्या मागे सहसा आणखी एक ऑब्जेक्ट असतो, त्याला 'प्रोटोटाइप' म्हणतात. मागितलेली प्रॉपर्टी स्वतःजवळ नसेल तर शोध प्रोटोटाइपकडे जातो, तिथेही नसेल तर त्याच्या प्रोटोटाइपकडे, असं शेवटपर्यंत. मात्र ही वाटणी नव्हे. वडिलांच्या विहिरीचं पाणी मुलं भरतात, पण विहीर वडिलांच्याच नावावर राहते, तसा हा प्रकार.

म्हणून 'ही प्रॉपर्टी आहे का?' या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत.

'इन' ही खूण संपूर्ण वंशावळ पाहते. आपण 'टू-स्ट्रिंग' नावाची प्रॉपर्टी कधीच लिहिलेली नसते, तरी 'टू-स्ट्रिंग सभासदात आहे का?' असं इनला विचारलं तर 'हो' येतं, कारण ती पूर्वजाकडे आहे.

फक्त स्वतःची प्रॉपर्टी तपासायला 'हॅज-ओन-प्रॉपर्टी' ही जुनी पद्धत आहे. पण ती स्वतःच वारशाने मिळते, ही तिची कमजोरी. ऑब्जेक्ट प्रोटोटाइपशिवाय बनवला असेल तर ती सापडतच नाही आणि बाहेरून आलेल्या माहितीत त्याच नावाची प्रॉपर्टी असेल तर मूळ पद्धत झाकली जाते. म्हणून २०२२ च्या आवृत्तीत 'ऑब्जेक्ट.हॅज-ओन' आलं. नव्या कोडमध्ये तेच वापरावं.

यादी काढायची असेल तर

एकेक नाव माहीत नसेल आणि आत काय काय आहे ते पाहायचं असेल, तर या पद्धती आहेत:

- फॉर-इन फेरा : स्वतःच्या आणि वारशाच्याही, पण 'मोजता येण्याजोग्या' प्रॉपर्टीच देतो. अगदी जुना.
- ऑब्जेक्ट.कीज : फक्त स्वतःच्या, मोजता येण्याजोग्या. २००९ मधल्या पाचव्या आवृत्तीपासून. रोजच्या कामाला हीच बरी.
- ऑब्जेक्ट.व्हॅल्यूज आणि ऑब्जेक्ट.एन्ट्रीज : नावांऐवजी किंमती, किंवा नाव-किंमत जोड्या. २०१७ पासून.
- ऑब्जेक्ट.गेट-ओन-प्रॉपर्टी-नेम्स : स्वतःच्या सगळ्या, लपवलेल्याही. २००९ पासून.
- ऑब्जेक्ट.गेट-ओन-प्रॉपर्टी-सिम्बॉल्स : ज्यांची की अक्षरांची नसून 'सिम्बॉल' प्रकारची आहे, फक्त त्या. २०१५ पासून.
- रिफ्लेक्ट.ओन-कीज : मागच्या दोन्ही एकत्र. स्वतःचं सगळं पाहायचं तर ही पद्धत. २०१५ पासून.

फरक समजायला तीन घटकांचा अ‍ॅरे घ्या. ऑब्जेक्ट.कीज तीन नावं देतं, गेट-ओन-प्रॉपर्टी-नेम्स चार देतं. चौथं नाव 'लेंग्थ', म्हणजे लांबी. ती अ‍ॅरेची स्वतःचीच आहे, पण मोजणीत न येणारी.

उलट बाजूचं उदाहरणही पाहा. पानावरची फॉर्मची चौकट पकडून तिला ऑब्जेक्ट.कीज लावलं, तर साध्या पानावर यादी रिकामी येते. चौकटीत लिहिलेला मजकूर तर समोर दिसत असतो! कारण त्या चौकटीच्या 'व्हॅल्यू'सारख्या प्रॉपर्टी तिच्या स्वतःच्या नसून प्रोटोटाइपवर असतात. फॉर-इन लावलं की त्याच चौकटीतून नावांची भली मोठी यादी बाहेर पडते. क्लासमध्ये लिहिलेल्या मेथडचंही असंच. त्या प्रोटोटाइपवर असतात आणि मोजणीतही येत नाहीत, म्हणून फॉर-इनलाही दिसत नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवावा. क्लासमध्ये नावाआधी हॅशची खूण लावून लिहिलेली खासगी फील्ड वरच्या कुठल्याच यादीत येत नाहीत. ती क्लासच्या बाहेरच्या कोडला वाचताच येऊ नयेत, हाच त्यांचा हेतू आहे.

प्रॉपर्टीवरचे शिक्के

'मोजता येण्याजोगी' म्हणजे काय, हे पाहायचं तर 'ऑब्जेक्ट.गेट-ओन-प्रॉपर्टी-डिस्क्रिप्टर' वापरायचं. ते एका प्रॉपर्टीचा पूर्ण उतारा देतं, सातबाऱ्यासारखा. त्यात किंमत आणि तीन शिक्के असतात. 'रायटेबल' म्हणजे किंमत बदलता येते का, 'इन्यूमरेबल' म्हणजे मोजणीत येते का, आणि 'कॉन्फिगरेबल' म्हणजे ती खोडता किंवा हे शिक्के बदलता येतात का.

साध्या पद्धतीने लिहिलेल्या प्रॉपर्टीवर तिन्ही शिक्के 'हो' असतात. 'ऑब्जेक्ट.डिफाइन-प्रॉपर्टी'ने नवी प्रॉपर्टी केली आणि काही सांगितलं नाही, तर तिन्ही 'नाही'. 'किंमत बदलली तरी बदलत का नाही?' या तक्रारीचं मूळ अनेकदा इथे सापडतं. सैल पद्धतीच्या कोडमध्ये अशी प्रॉपर्टी बदलायला गेलं तर चूक दिसत नाही, नुसतं दुर्लक्ष होतं. 'स्ट्रिक्ट मोड'मध्ये मात्र टाइप-एरर येतो. संपूर्ण ऑब्जेक्ट गोठवलेला आहे का, ते 'ऑब्जेक्ट.इज-फ्रोझन' सांगतं.

काही प्रॉपर्टींना स्वतःची किंमत नसते, 'गेटर' असतो. वाचायला गेलं की त्या वेळी हिशेब होऊन उत्तर मिळतं. म्हणून क्रोमचा कन्सोल गेटरपुढे तीन टिंबं दाखवतो आणि त्यावर क्लिक केल्यावरच किंमत काढतो. नुसतं पाहण्यानेसुद्धा काही कोड चालू शकतो, याची ही सूचना समजावी.

क्रम आपला राहत नाही

समजा, पिनकोड ही की करून गावांची यादी केली: बेळगाव ५९०००१, पणजी ४०३००१, इंदूर ४५२००१, वडोदरा ३९०००१. यादी परत काढली तर क्रम येतो वडोदरा, पणजी, इंदूर, बेळगाव. पहिलं लिहिलेलं बेळगाव शेवटी गेलं! नियम असा आहे, की पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या की आधी, चढत्या क्रमाने येतात. मग बाकीच्या अक्षरी की, लिहिल्या त्या क्रमाने. शेवटी सिम्बॉल. हा क्रम प्रमाण-दस्तऐवजात २०१५ मध्ये आला. फॉर-इन आणि ऑब्जेक्ट.कीज यांच्यासाठीचे नियम २०२० मध्ये पक्के झाले.

इथे आपल्या भाषांपुरती एक गंमत आहे. हेच पिनकोड देवनागरी अंकांत लिहिले तर जावास्क्रिप्ट त्यांना अंक मानत नाही, अक्षरं मानते. त्यामुळे क्रम लिहिल्याप्रमाणेच राहतो, पण देवनागरी ७ आणि रोमन ७ या दोन वेगळ्या की ठरतात. देवनागरी अंकांतली रक्कम 'नंबर'मध्ये बदलायला गेलं तर उत्तर नॅन येतं. कन्नड अंकांचंही तेच. सीमाभागातल्या फॉर्ममध्ये तिन्ही प्रकारचे अंक येऊ शकतात, म्हणून ते आधी रोमन अंकांत बदलून घ्यावेत. आणि क्रम महत्त्वाचा असेल तर ऑब्जेक्टऐवजी अ‍ॅरे किंवा 'मॅप' वापरावा.

सारखं दिसणारं, पण वेगळं नाव

प्रॉपर्टीचं नाव देवनागरीत लिहायला जावास्क्रिप्टची हरकत नाही. पण मराठीतला 'ऱ्य' इथे हमखास फसवतो. 'शेतकऱ्याचे नाव' असा मथळा एका फाइलमध्ये आहे आणि कोडमध्येही तोच टंकला आहे, तरी उत्तर अनडिफाइन्ड येतं. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे.

कारण 'ऱ्य' साठवण्याचे एकाहून जास्त प्रकार आहेत. एकात स्वतंत्र 'ऱ' अक्षर, हलन्त आणि 'य' असतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'य'. तिसऱ्यात 'र'ला वेगळा नुक्ता जोडलेला असतो. 'दऱ्या' या शब्दाची लांबी पहिल्या प्रकारात ५ भरते, इतर दोन्हींत ६. 'नॉर्मलाइज' ही मेथड पहिला आणि तिसरा प्रकार एक करते, पण अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार तसाच राहतो. तो कोड लिहून बदलावा लागतो.

शोधायची युक्ती सोपी आहे. सगळ्या की छापताना प्रत्येकीची लांबीही छापावी आणि भोवती अवतरणचिन्हं येतील असं पाहावं. नावाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागाही त्यातून उघडी पडते. त्याहून बरा उपाय म्हणजे की रोमनमध्ये ठेवाव्यात आणि मराठी मजकूर किंमतीत ठेवावा.

कन्सोल काय दाखवतो, काय नाही

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना तयार केला. सुरुवातीच्या काळात ऑब्जेक्ट पाहायला 'अलर्ट' हाच हाताशी असलेला मार्ग, आणि त्यात 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' एवढीच अक्षरं यायची. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी 'फायरबग' हे साधन आलं आणि आत डोकावणं सोपं झालं. आज प्रत्येक मोठ्या ब्राउझरमध्ये अशी साधनं अंगभूत आहेत. विंडोजवर एफ-१२ दाबलं की उघडतात.

'कन्सोल.लॉग' सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात एक मेख आहे. लॉग केलेल्या ऑब्जेक्टचा त्रिकोण दाबून तो उलगडला, की उलगडण्याच्या क्षणी आत जे आहे ते दिसतं, लॉग केलं त्या क्षणी जे होतं ते नव्हे. दरम्यान कोडने शिल्लक बदलली असेल तर बदललेलीच दिसते आणि तपासणारा भलतीकडे चूक शोधत बसतो. त्या क्षणाचा फोटो हवा असेल तर 'स्ट्रक्चर्ड-क्लोन'ने प्रत काढून ती लॉग करावी. २०२२ पासून प्रमुख ब्राउझरांत ही सोय आहे.

पानावरचा घटक ऑब्जेक्ट म्हणून पाहायचा असेल तर 'कन्सोल.डिर' आणि सभासदांची अख्खी यादी रकान्यांत मांडून पाहायची असेल तर 'कन्सोल.टेबल' सोयीचं पडतं.

जेसनमध्ये गळती

ऑब्जेक्ट तपासायला अनेक जण 'जेसन.स्ट्रिंगिफाय' वापरतात. वाचायला ते सोपं, पण ती पूर्ण प्रत नव्हे. ज्यांची किंमत अनडिफाइन्ड किंवा फंक्शन आहे, त्या प्रॉपर्टी त्यातून गळतात. नॅनचं नल होतं. मॅप रिकाम्या महिरपी कंसासारखा दिसतो. ऑब्जेक्ट फिरून स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर सरळ टाइप-एरर येतो. 'एरर' ऑब्जेक्टचंही रिकामे कंसच होतात, कारण त्याचा संदेश मोजणीत न येणारा असतो. म्हणजे बिघाडाची नोंद सर्व्हरवर पाठवली जाते आणि तिथे कोरा कागद पोहोचतो. अशा वेळी नाव, संदेश हे स्वतः उचलून पाठवावं लागतं.

माहिती पाठवतानाही हा फरक जपावा लागतो. अनेक प्रणालींत 'जामीनदार नल' याचा अर्थ 'जामीनदार काढून टाका' आणि जामीनदाराचा उल्लेखच नसणं याचा अर्थ 'आहे तसा ठेवा' असा धरतात. अनडिफाइन्ड ठेवलं तर उल्लेखच गळेल आणि जुना जामीनदार तसाच राहील.

वंशावळीतून येणारा धोका

बाहेरून आलेल्या जेसनमध्ये 'प्रोटो' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा असलेली की कुणी मुद्दाम घुसवली आणि आपल्या कोडने ती न तपासता दुसऱ्या ऑब्जेक्टमध्ये मिसळली, तर सगळ्यांच्या सामायिक पूर्वजावरच नवी प्रॉपर्टी चढू शकते. मग 'अ‍ॅडमिन' ही प्रॉपर्टी कुणालाही दिलेली नसताना प्रत्येक ऑब्जेक्टकडे असल्यासारखी दिसते. याला 'प्रोटोटाइप पोल्यूशन' म्हणतात. जेक्वेरी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतही हा दोष होता, तो २०१९ मध्ये ३.४.० या आवृत्तीत दुरुस्त झाला. अधिकार तपासताना 'स्वतःची आहे का' हे ऑब्जेक्ट.हॅज-ओनने विचारणं, आणि बाहेरून येणाऱ्या कीसाठी मॅप किंवा प्रोटोटाइप नसलेला ऑब्जेक्ट वापरणं, ही किमान खबरदारी.

थोडक्यात, कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत

- प्रॉपर्टी स्वतःची आहे का? : ऑब्जेक्ट.हॅज-ओन
- स्वतःची किंवा वारशाची, कुठली तरी आहे का? : इन
- रोजच्या कामाची यादी : ऑब्जेक्ट.कीज, ऑब्जेक्ट.एन्ट्रीज
- स्वतःचं लपलेलं सगळं : रिफ्लेक्ट.ओन-कीज
- किंमत का बदलत नाही? : गेट-ओन-प्रॉपर्टी-डिस्क्रिप्टर, इज-फ्रोझन
- त्या क्षणी आत काय होतं? : स्ट्रक्चर्ड-क्लोनची प्रत लॉग करणं
- नाव बरोबर असूनही सापडत नाही? : कीची लांबी आणि अंकांची लिपी पाहणं

यातलं काही पाठ करायची गरज नाही. यादी रिकामी आली, की ती कोणत्या पद्धतीने काढली होती आणि त्या पद्धतीला काय दिसत नाही, एवढं आधी पाहावं. शून्य शिल्लक असलेल्या सभासदाचं खातं 'नाही' म्हणून वगळलं जाणार नाही, इतकी काळजी त्यातून नक्की घेता येते.